सरकीची शाब्बासकी

त्या हिवाळ्यात घर कापसाचं होतं आणि आम्ही उरलेल्या जागेत राहत होतो. भाव नव्हता. आदल्या वर्षीही नव्हता, त्याच्या आदल्या वर्षीही नव्हता, आणि गावातला जो तो म्हणायचा की थांबा, संक्रांतीनंतर चढेल. म्हणून वेचलेला कापूस बाजारात न नेता घरातच भरायचा, असं घरोघरी चाललं होतं. आमच्या पुढच्या खोलीत तो भिंतीवरच्या फोटोंपर्यंत चढला होता; आजोबा फोटोत फेट्यापासून डोळ्यांपर्यंतच दिसायचे. वरणात तंतू, केसांत तंतू, आणि रात्रभर अंगाला खाज, कारण साठवलेल्या कापसातल्या बारीक किड्यांनी पुरळ उठायचं. त्या खोलीत रॉकेलची चिमणी न्यायची नाही, बाबांनी बिडी ओढायची ती अंगणाच्या टोकाला जाऊन, आणि संध्याकाळी रेडिओवर बाजारभाव लागले की कोणी तोंड उघडायचं नाही. भाव सांगून झाले की बाबा रेडिओ बंद करायचे आणि मग तर आणखीच कोणी बोलायचं नाही. मी बोलायची. मला गप्प बसणं कधी जमलंच नाही, आणि त्यापायी मी जेवढी बोलणी खाल्ली तेवढी भाकर खाल्ली असती तर आज माझी तब्येत वेगळी असती.

मी दहावी झाले होते आणि घरी बसले होते. कॉलेज मारेगावला, आणि पोरगी रोज एकटी एस.टी.नं कशी जाईल, हा प्रश्न घरात असा विचारला जायचा की त्याला उत्तर नकोच असायचं. घरात माझ्याखेरीज माणसं तीन. बाबा, माय आणि बाबांची मोठी बहीण आत्याबाई. आत्याबाई तरुणपणी विधवा होऊन परत आलेल्या, माझी माय लग्न होऊन आली त्याच्याही आधीपासून घर त्यांच्या हातात. काय शिजेल, कोण कुठं जाईल, कशाचा विटाळ झाला आणि तो कशानं जाईल, हे सगळं त्या ठरवायच्या. दाराशी गोमूत्राचा तांब्या कायम भरलेला. कावळा शिवला, शिंपड. भंगारवाला ओट्यावर बसून गेला, शिंपड. माय त्यांच्यापुढं बोलत नसे. बाबाही नसत. राहिलं कोण, तर मी.

आता सरकीचं सांगते. बाबा बैलबंडी घेऊन मारेगावला बैलांसाठी ढेप, म्हणजे पेंड, आणायला गेले होते. संध्याकाळी मी पोती उतरवायला गेले तर ढेपेच्या पोत्यामागं एक काळं, मुठीएवढं पिल्लू झोपलेलं. कुठल्या जिनिंग गिरणीच्या आवारातून चढलं की कोणी मुद्दाम टाकलं, देव जाणे. मी उचललं, उलटं केलं, आणि आत्याबाईंनी लांबूनच विचारलं, "कुत्रा हाय का कुत्री?" कुत्री आहे म्हटल्यावर त्यांनी हातानंच फेकून दे असं केलं. कुत्रा असता तर राखणीला ठेवला असता. कुत्री म्हणजे पुढं वर्षाकाठी पिल्लांचा पसारा. मला जो राग आला तो अजूनही आठवला की कान गरम होतात. मी म्हटलं, बाबांच्या बंडीतून आली म्हणजे बाबांनीच आणली, आता आणलेलं परत कसं करता? कापसाच्या बोंडातून निघते ना काळी काळी बी, तशीच दिसत होती ती त्या पांढऱ्या घरात. म्हणून नाव सरकी.

दुसऱ्याच दिवशी सरकी पुढच्या खोलीत गेली आणि कापसाच्या कडेला निवांत बसून मुतली. तिचंही काय चुकलं म्हणा. मऊ, कोरडं, उबदार, पाय थंड न होणारी एवढी मोठी जागा दुसरी कुठं होती? पण कापसाला डाग म्हणजे त्या वर्षी आमच्या घरात सगळ्यात वाईट गोष्ट. बाबांनी ओला भाग उपसून बाहेर टाकला आणि शांतपणे सांगितलं की हिला पोत्यात घालतो आणि पांढरकवड्याच्या हायवेवर सोडून देतो. ढाब्यावर जगली तर जगली, नाहीतर ट्रक आहेतच. बाबा ओरडले असते तर मी घाबरले नसते. ते शांतपणे बोलले की ती गोष्ट करायचेच. मी दारात आडवी उभी राहिले. म्हटलं, कापूस घरातून जाईस्तोवर हिला ठेवा. तोवर मी हिला बाहेर जायला शिकवते. कापसात एक ओला फापका, एवढासा पुंजकाही, सापडला तर मीच नेऊन सोडीन. बाबांनी माझ्याकडं पाहिलं, पिल्लाकडं पाहिलं आणि म्हणाले, ठीक आहे, एक फापका. मग मी तिला छातीशी धरून चुलीपाशी नेलं.

शिकवायचं कसं, हे सांगायला गाव पुढं आलं. जिथं केलं तिथं नाक घासा. शेपटीवर पाय द्या. तुतारीनं, म्हणजे बैल हाकायच्या काठीनं, दोन ठेवून द्या, जन्मात विसरणार नाही. आत्याबाईंचंही तेच. मी कोणाचंच ऐकलं नाही, आणि त्याला कारण होतं. मी स्वतः शाळेत जायला लागले तरी अंथरूण ओलं करायची. हे लिहिताना मला काही लाज वाटत नाही. लाज ज्यांनी मला त्यावरून मारलं त्यांना वाटायला हवी होती. आत्याबाई ओली वाकळ माझ्या डोक्यावर देऊन मला अंगणात उभी करायच्या, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी. एकदा चिमटा तापवून जवळ आणला. एवढं सगळं होऊन मी काय शिकले, तर झोपेला भ्यायला शिकले, आणि भ्यायले की जास्तच व्हायचं. ते थांबलं मायमुळं. ती मला हलकेच उठवायची, हात धरून बाहेर न्यायची, परत आणून वाकळ पांघरायची आणि पाठीवर थोपटून कानात म्हणायची, "शाब्बास माही बाई." एवढंच. कोणाला न कळता. मला त्या घरात शाब्बास म्हणणारं तेवढं एकच माणूस होतं आणि तेही कानात म्हणायचं.

तेव्हा माझं ठरलं होतं की सरकीला एक टापलीसुद्धा मारायची नाही. ती झोपून उठली की उचलून बाहेर. दूध पिऊन झालं की बाहेर. खेळता खेळता थांबून जमीन हुंगायला लागली, गोल फिरायला लागली, की हातातलं काम टाकून बाहेर. अंगणाच्या कोपऱ्यात पऱ्हाट्यांचा, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या झाडांचा, जळणासाठी ढीग रचलेला असायचा. त्याच्या मागं तिला ठेवायचं आणि उभं राहायचं. थंडीत, दातावर दात आपटत. ती पानं हुंगायची, माझ्या पायाची बोटं चावायची, आकाशाकडं बघायची. मी काही बोलायची नाही. शेवटी एकदाचं तिनं केलं की मी अशी काही शाब्बास म्हणायची की शेजारच्या घरातून विचारणा व्हायची, काय झालं म्हणून. वरून भाकरीचा तुकडा. माय लहान पोरांसाठी थापतात तशी एक चिमुकली चानकी रोज तव्याच्या कडेला भाजायची आणि ती कोणासाठी आहे हे कोणी विचारलं तर ऐकू न आल्यासारखं करायची.

आणि तरीही ते जमेना. बाहेर दहादा शहाण्यासारखं करून सरकी घरात यायची आणि पुढच्या खोलीच्या उंबऱ्याशी, कापसापासून हातभर अंतरावर, पुन्हा त्याच जागी बसायची. त्याच जागी! मी पुसायची, आत्याबाई वरून शेणानं सारवायच्या आणि गोमूत्र शिंपडायच्या, कुत्रीचा विटाळ जावा म्हणून. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मी रडकुंडीला आले. हायवेला जायचं पोतं बाबांनी खुंटीवर अडकवून ठेवलं होतं. एका दुपारी मी नुसती बसून सरकीकडं बघत राहिले. ती उठली, नाक जमिनीला लावलं, दारातून सरळ त्या उंबऱ्यापाशी गेली, हुंगलं आणि बसली. मी तिला उचलून बाहेर पळाले आणि पळता पळता माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अगं बाई! त्या मुक्या जीवाला काय कळणार गाईचं पवित्र आणि कुत्र्याचं अपवित्र? तिच्या नाकाला एवढंच कळत होतं की या जागी रोज कोणीतरी मुततं, म्हणजे मुतायची जागा हीच. आत्याबाई रोज सकाळी विटाळ काढत होत्या आणि रोज सकाळी तिला पत्ता लिहून देत होत्या.

हे मी त्यांना सांगितलं ते जरा जास्तच मोठ्यानं सांगितलं. त्यांनी तांब्या खाली ठेवला आणि म्हणाल्या की आता कुत्रीच्या नाकावरून घरचा धर्म ठरणार काय. दोन दिवस भांडण चाललं. मी राख आणि कढत पाण्यानं उंबरा घासून घासून धुतला, लिंबाच्या साली चोळल्या आणि तिथंच पोतं टाकून बसले. म्हटलं, शिंपडायचं तर माझ्या अंगावर शिंपडा. शेवटी मीच तोड काढली. विटाळ कुत्रीचा आहे ना, मग जिथं ती रोज जाते ती पऱ्हाट्यांमागची जागा जास्त विटाळलेली. तिथं शिंपडा की. दुसऱ्या दिवसापासून त्या पुटपुटत, पदर सावरत, अंगणाच्या कोपऱ्यात गोमूत्र शिंपडायला जाऊ लागल्या. आणि सरकी? सरकी त्या वळल्या रे वळल्या की तिथं जाऊन बसायची. त्यानंतर तिनं घरात कधी केलं नाही. दार लावलेलं असलं तर दाराला नखं घासायची. एकदा तर आत्याबाईंच्याच पदराला ओढून त्यांना उठवलं आणि त्यांनी उठून दार उघडलंही. मी पाहिलं, पण त्यांना तसं दाखवलं नाही.

आमच्या मुलीनं आता यवतमाळच्या फ्लॅटमध्ये पिल्लू आणलंय. फरशी चकचकीत, पिल्लासाठी दुकानातून आणलेल्या चौकोनी गाद्या, आणि काय करावं हे विचारायला फोनवर बायकांचा एक सबंध गट. त्यात कोणी ना कोणी रोज लिहितंच, नाक घासा. मी चष्मा लावून उत्तर टाकते. मुलगी म्हणते आई, जरा सौम्य लिहीत जा. मी काही सौम्य लिहीत नाही.

संक्रांत गेली आणि भाव चढला नाही. मग बाबांनी खेडा-खरेदीच्या व्यापाऱ्याला निरोप धाडला. हे व्यापारी टेम्पो आणि काटा घेऊन गावातच यायचे, दारातून माल उचलायचे. हा पांढरकवड्याचा. तो येण्याच्या आदल्या संध्याकाळी बाबांनी पुढची खोली बंद केली आणि कडुनिंबाचा डहाळा पाण्यात बुडवून कापसावर थरावर थर पाणी शिंपडलं. बादली मीच भरून दिली. यात कोणाला काही वाटायचं नाही, गाव शिंपडायचं. कारण व्यापाऱ्याच्या काट्यावर चढला की कापूस हलका व्हायचा, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, आणि त्याला तसं तोंडावर म्हणायची सोय नव्हती, कारण दुसरं कोण येणार होतं घ्यायला? तो काट्यात खायचा, आम्ही पाण्यात भरून काढायचो. दोन्हीकडचं दोघांना माहीत. सरकी उंबऱ्याबाहेर बसून होती. आत यायचं नाही हेही ती आता शिकली होती.

सकाळी टेम्पो आला. अंगणात तिवई उभी राहिली, काटा टांगला गेला, शेजारपाजारचे लोक नेहमीसारखे कुडाला टेकून बघायला जमले. व्यापाऱ्यानं बाही वर केली, कोपरापर्यंत हात कापसात घातला, मूठभर काढून गालाला लावला. ओल आहे म्हणाला. हे तो सगळ्यांकडंच म्हणायचा. शेतकऱ्यानं म्हणायचं की दव पडलं, त्यानं थोडे पैसे कापायचे, मग चहा. पण त्या दिवशी त्यानं दुसरी मूठ काढली, तिसरी काढली आणि लोकांकडं वळून हसत म्हणाला की भाऊनं तर यंदा घरात विहीर खोदली वाटते. लोक हसले. बाबांचा चेहरा पडला. आजवर अख्ख्या गावासमोर कोणी त्यांना चोर म्हटलेलं नव्हतं. आणि तेवढ्यात त्यांची नजर सरकीवर गेली.

"पानी नाही शेठ," बाबा म्हणाले. "पोरीनं कुत्री पाळली हाय. तिनंच मुतलं असन."

मला आधी समजलंच नाही की हे काय बोलले. व्यापाऱ्याला मात्र लगेच समजलं. मग तर माल डागीच झाला, म्हणाला, मग याला कसला भाव देऊ? बाबा आपल्याच शब्दात अडकले. आता राग दाखवणं भाग होतं. त्यांनी भिंतीशी टेकवलेली तुतारी उचलली आणि सरकीवर उगारली. आणि सरकी पळाली नाही हो. तिला उगारलेली काठी म्हणजे काय हे ठाऊकच नव्हतं. तिला कोणी कधी मारलंच नव्हतं. सगळे आपल्याकडं बघतायत म्हटल्यावर तिला वाटलं आपण काहीतरी बरं केलं. ती शेपूट हलवत बाबांपुढं बसली आणि भाकरीच्या तुकड्याची वाट बघायला लागली.

मी कशी धावले मला आठवत नाही. तुतारीचं दुसरं टोक माझ्या हातात होतं आणि बाबा ओढत होते आणि मी सोडत नव्हते. मी म्हटलं, "सरकीनं नाही केलं. थे घरात करतच नाही. हे पानी हाय. काल आमीच शिंपडलं, बादली म्या भरून देल्ली."

मग मी व्यापाऱ्याकडं वळले. बोलणं सुरू झालं की मला मधे थांबता येत नाही, हे आधी सांगितलंच आहे. "अन शेठ, तुमचा काटा जेवढा खातो ना, तेवढंच पानी हाय. जास्त नाही."

कुडापाशी कोणीतरी खो-खो हसलं. मग एक म्हातारा म्हणाला की वाण्याकडचं वजन आणा रे, होऊन जाऊ द्या पारख. व्यापारी म्हणाला, पोरीच्या जातीनं एवढं तोंड चालवू नये, आणि काटा सोडवायला लागला. त्याला कोणी थांबवलं नाही, आणि वजन आणायला जो निघाला होता तो परत यायच्या आत टेम्पो वळला होता. बाबांनी तुतारी माझ्या हातात तशीच सोडली आणि शेताकडं निघून गेले. आत्याबाई कपाळावर हात मारून म्हणाल्या, "बापाचं नाक कापलं व तुनं." मी म्हटलं, हो, कापलं. दुपारी मायनं सोल्याची, म्हणजे तुरीच्या ओल्या दाण्यांची, भाजी केली आणि घरात आजवर कधी घडलं नव्हतं ते केलं. सगळ्यांच्या आधी ताट माझ्यापुढं ठेवलं.

त्या सकाळी जिंकलं कोणी नाही. कापूस अंगणात चादरींवर पसरून वाळवला, पुन्हा आत भरला आणि काही आठवड्यांनी बाबांनी बंडीनं मारेगावला नेऊन घातला. भाव वाढला नव्हता. लोक मला अजून विचारतात, बापाची बाजू घ्यायची सोडून एका कुत्रीची घेतलीस, वाईट नाही वाटत? नाही वाटत. बाबांचं पाणी मला कळत होतं आणि व्यापाऱ्याचा काटाही कळत होता. पण त्या दोघांच्या मधे ज्याला बोलता येत नाही त्याला आणून उभं करायचं, आणि तेही ज्यानं सगळं नीट शिकून घेतलं त्याला, हे मला तेव्हा सहन झालं नाही आणि आताही होणार नाही.

बाबा त्या सबंध काळात माझ्याशी बोलले नाहीत. पाणी हवं असेल तर मायला सांगायचे, बेबीला म्हण तांब्या दे, आणि मी समोरच उभी असायची. कापूस गेला, पुढची खोली एकदम मोठी झाली, बोललं की आवाज घुमायला लागला. हायवेचं नाव कोणी काढलं नाही. खुंटीवरचं पोतं बाबांनी ढेप भरायला नेलं.

मग एका पहाटे दाराला नखं घासल्याचा आवाज आला. मी उठायच्या आत कडी वाजली. बाहेर पाहिलं तर बाबा घोंगडी पांघरून पऱ्हाट्यांच्या ढिगाशी उभे आणि सरकी तिच्या जागेवर. तिचं झालं. ती येऊन बाबांपुढं बसली आणि त्यांच्या तोंडाकडं बघत राहिली. बाबा घराकडं वळले. ती हलेना. ते परत वळले, तरी ती हलेना. बाबांनी कुडाच्या पलीकडं पाहिलं, कोणी नाही. मग घसा खाकरून, अगदी हळू, म्हणाले, "शाब्बास." तिनं शेपूट आपटलं. ते खाली वाकले, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि पुन्हा म्हणाले, या खेपेला जरा नीट.

मला आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही असेल. पण त्याहून जास्त राग आला. सोळा वर्षं झाली होती मला त्या घरात. मी उंबरा ओलांडून अनवाणीच अंगणात गेले.

"बाबा," मी म्हटलं, "मलेबी म्हना ना."

ते दचकले. तेवढ्या दिवसांत पहिल्यांदा माझ्याकडं सरळ पाहिलं. सरकी एकदा त्यांच्याकडं, एकदा माझ्याकडं बघत होती. ते घोंगडीचं टोक चाचपडत राहिले.

"तुले म्हनलं," ते म्हणाले, "तं तू आनखी बोलशीन."

"हो," मी म्हटलं. "बोलीन."